सदस्य क्रमांक दोन

सोमवारी सकाळी सव्वासातला, कुणी न मागता, खैरमोड्यांच्या दिवाणखान्यातल्या राउटरचा हिरवा दिवा निळा झाला. सोपानरावांच्या मोबाइलवर निरोप आला: ‘अभिनंदन! तुमचा राउटर आता अधिक समजूतदार झाला आहे.’ त्याखाली एक्केचाळीस पानांचा मजकूर आणि शेवटी एकच बटण, ‘मान्य’. ‘अमान्य’ नावाचं बटण करायला कंपनीच्या हुशार मंडळींना बहुधा वेळ मिळाला नसावा. सोपानरावांनी चष्मा शोधायचा कंटाळा केला, बटणावर अंगठा टेकवला आणि चहा प्यायला बसले.

चहा अर्धा कप होता. हल्ली रंजना कप अर्धाच भरायची. साखरेच्या काळजीनं असेल, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याच दुपारपासून घरातलं वायफाय रांगायला लागलं.

हे २०३४ साल. तारेचा टेलिफोन कराडात आता फक्त सोपानरावांसारख्यांच्या बोलण्यात उरला होता. तीस वर्षं ते टेलिफोन खात्यात लाइनमन होते आणि रंजना एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. ते खांबावर चढून जोडणी करायचे, ती आत बसून आवाज तपासायची. दोष निघाला की त्यांनी म्हणायचं, “लाइन साफ आहे, बोला,” आणि मग तिनं बोलायचं. असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी लाइन साफ झाल्यावरही दोघं बराच वेळ बोलत राहिले, सुपरवायझरनं दोघांनाही झापलं आणि पुढच्या वैशाखात लग्न झालं.

निवृत्तीनंतर सोपानरावांनी बागेत लक्ष घातलं. रंजनानं मात्र आपला आवाज वाया जाऊ दिला नाही. रोज दुपारी तीन ते पाच ती नेटवरून चार अंध मुलामुलींना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचून दाखवायची. वाचून दाखवणारी यंत्रं काही कमी नव्हती, पण मुलांना काकूच हव्या असायच्या. काकू चिडायच्या, हसायच्या, पुस्तकातली चूक सापडली की लेखकाचा उद्धार करायच्या. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि नेमकी आता काकूंची वाक्यं मध्येच तुटायला लागली.

“काकू, पंचायत राजनंतर काहीच ऐकू आलं नाही,” उंब्रजची सारिका म्हणायची. “परत वाचता?”

रंजना परत वाचायची. ते परत तुटायचं. पाच वाजता ती हेडफोन काढायची तेव्हा चेहरा उतरलेला असायचा. “एवढा साधा डबा दुरुस्त होईना होय तुम्हाला?” असं तिनं तिसऱ्या दिवशी म्हटलं आणि सोपानरावांच्या वर्मी घाव बसला. ज्या माणसानं पुराच्या पाण्यातून केबल ओढून अख्ख्या गावाचे फोन चालू केले होते, त्याला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

त्यांनी कंबर कसली. राउटर बंद करून चालू केला. जागा बदलली. शेजाऱ्यांच्या लहरींशी टक्कर नको म्हणून चॅनेल बदलून पाहिला. मग त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या मांडणीवर गेली. स्टीलचे पस्तीस डबे, ताटं, वाट्या आणि वर पितळी घागर. धातू लहरी अडवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी सकाळभर खपून सगळी भांडी उतरवली आणि मांडणी पाठीमागच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

“आता वरण काय हातावर घेऊन जेवणार?” रंजनानं विचारलं.

मांडणी गेली तरी वेग जिथल्या तिथं. संध्याकाळी मांडणी पुन्हा आत आली.

कंपनीचं नाव ‘सुगमनेट’. तिच्या मदत केंद्रात फोन केला की एक गोड आवाज सात पायऱ्या सांगायचा. पहिली पायरी, राउटर बंद करून चालू करा. सातवी पायरी, पहिल्या पायरीपासून पुन्हा करून पाहा. जुनं सॉफ्टवेअर परत घाला म्हटलं तर उत्तर आलं, ‘मागे जाण्याची सोय नाही. आपण नेहमी पुढेच जातो.’ सोपानरावांनी फोनला दिलेली शिवी इथं लिहिण्यासारखी नाही.

त्यातच जाहिरातींनी वात आणला. ज्या दिवसापासून दिवा निळा झाला, त्या दिवसापासून त्यांच्या मोबाइलवर नाही नाही त्या वस्तू यायला लागल्या. न घसरणाऱ्या चपला. न्हाणीघरात धरायच्या दांड्या. चार पायांची काठी. ‘हातातून सांडू नये म्हणून खास जड चमचा.’ सदुसष्ट वर्षांचा, अजून आंब्यावर चढणारा माणूस, त्याला काठी? “ह्यांच्या बापाला द्या म्हणावं काठी,” ते रंजनाला स्क्रीन दाखवून म्हणाले. रंजनानं एकदा चमच्याकडं पाहिलं आणि ती भाजी निवडायला बसली.

शेवटी त्यांनी जुनी पद्धत काढली. खात्यात ती सगळ्यांच्या हाडीमाशी भिनलेली होती. एकानं टोकाला बसायचं, दुसऱ्यानं लाइनवर चालत जायचं आणि जागोजागी थांबून कळवायचं. दोष एका जागी असतो. चालत नसतो. चालत गेलं की सापडतोच.

ते राउटरपाशी डायरी घेऊन बसले. रंजना मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली आणि ऑपरेटरच्या जुन्या ठसक्यात वेगाचे आकडे सांगू लागली.

“दिवाणखाना, पाच. स्वयंपाकघर, सहा. माडी, पाच.”

“आता खुर्चीत बस. जिथं वाचतेस तिथं.”

“बसले.” सोपानरावांनी डायरीत नवी ओळ आखली. “दोन. आता एक.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ती भाजीला गेली तेव्हा सोपानराव एकटेच त्याच वाटेनं फिरले. दिवाणखाना, नव्वद. स्वयंपाकघर, अठ्ठ्याऐंशी. तिच्या खुर्चीत, ब्याण्णव. त्यांनी डायरीकडं पाहिलं आणि टाळी वाजवली. दोष तिच्या मोबाइलमध्ये! पण संध्याकाळी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली ती मोबाइल विसरून. तो टेबलावरच होता, आणि वेग नव्वद. पाऊण तासानं तिनं फाटक उघडलं, पायरी चढली, आणि आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत आठवर आला.

ते खदखदून हसले. “रंजना, सापडला दोष! तू घरात आलीस की लाइन पडते. दोष तुझ्या अंगात आहे बघ!”

हसता हसता त्यांनी वर पाहिलं. रंजना उंबऱ्यातच उभी होती. चेहरा पांढरा पडला होता आणि डावा हात तिनं पदराखाली घेतला होता.

“मग जाते की मी बाहेर,” ती म्हणाली आणि सरळ आत निघून गेली.

एवढं काय लागलं हिला, ते त्यांना कळेना. चेष्टा तर दोघांत रोजचीच. पण रात्रीच्या जेवणाला ती नीट बोलली नाही आणि त्यांनीही ताट अर्ध्यावरच सारलं.

सकाळी ते डायरी घेऊन समोरच्या नसीम मुजावरांकडं गेले. त्यांनी पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. आकडे पाहून मुजावर मॅडमच्या कपाळाला आठी पडली.

“सोपानराव, अँटेनाजवळून कुणी गेलं की जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या, आठवतं?”

“आठवतं की. अँटेना हातात धरून उभं राहायचो मी.”

“तेच आहे हे. वायफायच्या लहरी घरभर पसरतात, भिंतीतून जातात, वस्तूंवर आपटून परततात. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं. ते हललं की लहरींची वाट बदलते. श्वासानं छाती वर-खाली झाली तरी बदलते, केसभर का होईना. पूर्वीचे राउटर हा बदल म्हणजे कचरा समजून टाकून द्यायचे. आता तो कचराच वाचतात. घरात माणसं किती, कोण कुठल्या खोलीत, कुणाची चाल कशी, श्वास मिनिटाला किती, सगळं काढता येतं. कॅमेरा लागत नाही.”

“आणि वेग?”

“हवा एकच, राउटरही एकच. तो एक तर बोलेल नाही तर बघेल. एखाद्या हालचालीवर नजर ठेवायची ठरली, तर तो सेकंदाला शेकडो वेळा फक्त त्यासाठी लहरी सोडतो. मग तुमच्या बोलण्याला वेळ उरतो थोडा.” त्या थबकल्या. “पण तो सगळ्यांकडं एवढं निरखून बघत नाही. काही वेगळं दिसलं तरच.”

त्यांनी सोपानरावांच्या मोबाइलवरूनच राउटरचं आतलं पान उघडलं. एक्केचाळीस पानं मान्य केलेल्या माणसाला ते केव्हाही उघडता आलं असतं. कुणी सांगितलंच नव्हतं. वाचता वाचता त्या एकदम थांबल्या, मोबाइल पालथा केला आणि त्यांच्या पुढ्यात सरकवला.

“हे मी वाचायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घरी जाऊन बघा. आणि बघायचं की नाही, तेही आधी ठरवा.”

सोपानराव घरापर्यंत गेलेच नाहीत. त्यांच्याच फाटकातल्या कट्ट्यावर बसून त्यांनी मोबाइल सुलटा केला.

‘सदस्य १: पुरुष. सामान्य.’

‘सदस्य २: स्त्री. डावा हात, सेकंदाला पाच कंपनं. हात स्वस्थ असताना अधिक. विशेष निरीक्षण चालू. माहिती आमच्या निवडक भागीदारांना कळवली आहे.’

आणि खाली ठळक बटण: ‘संभाव्य आजाराचं नाव पाहा.’

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निवडक भागीदार! म्हणजे काठीवाला, चमचेवाला, चपलावाला. त्या जाहिराती त्यांच्यासाठी नव्हत्याच. रंजनाचा हात थरथरतो हे बाजारातल्या चमचेवाल्याला कळलं होतं, आणि चाळीस वर्षं तिच्या शेजारी जेवणाऱ्या माणसाला नाही. अर्धा कप चहा. पदराखालचा हात. खुर्चीत स्वस्थ बसली की पडणारी लाइन. सगळं समोर मांडलेलं होतं आणि ते मांडणी ओट्यावर नेत बसले होते. कंपनीचा संताप येत होताच, पण स्वतःचा जास्त आला.

अंगठा बटणावर गेला. एक दाब, की सगळं कळणार होतं.

त्यांनी अंगठा काढून घेतला. हे नाव रंजनाला ठाऊक असेल. नसेलही. पण ते कळायचं असेल तर तिच्या तोंडून कळेल, ह्या दळभद्री डब्याच्या तोंडून नाही. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला आणि गोड आवाजाला न जुमानता ‘माणूस द्या’ असं अकरा वेळा ओरडून शेवटी माणूस मिळवला.

“नमस्कार, मी मृण्मयी. आपली काळजी हाच आमचा ध्यास. बोला.”

“हे निरीक्षण बंद करा. आत्ताच्या आत्ता.”

“एक मिनिट हं सर. तुमच्याकडं सदस्य दोनसाठी विशेष काळजी सुरू आहे. ती ग्राहकाला बंद करता येत नाही.”

“घर माझं, डबा माझ्या भिंतीवर, आणि मला बंद करता येत नाही?”

“त्यांच्याच सुरक्षिततेसाठी आहे, सर. त्यांना स्वतःला बंद करायचं असेल, तर ‘मला माझ्या आजाराची कल्पना आहे’ असं त्यांनी स्वतःच्या आवाजात नोंदवायचं. मग आम्ही विचार करू.”

“तिनं तुमच्यापुढं कबुली द्यायची? ती काय चोर आहे? चोरी तुम्ही केलीय!”

“सर, तुम्ही सहमती दिली आहे. सहा तारखेला, सकाळी सात वाजून सोळा मिनिटांनी.”

“माझी! मी न वाचता अंगठा टेकवला, ती माझी चूक. तिला कुणी विचारलं? तिचा हात आहे तो!”

मग मृण्मयी जरा हळू बोलली. तिला खरंच मदत करावीशी वाटत असावी. “सर, मला वाटतं तुम्ही अहवाल पूर्ण वाचलेला नाही. मी वाचून दाखवते, म्हणजे गांभीर्य लक्षात येईल. सदस्य दोन यांना बहात्तर टक्के शक्यता…”

“थांब!” सोपानराव इतक्या जोरात ओरडले की मुजावर मॅडम दारात आल्या. “एक अक्षर पुढं बोलायचं नाही! तुला कुणी अधिकार दिला? माझ्या बायकोची गोष्ट तू मला सांगणार? सदस्य दोन म्हणे! तिला नाव आहे. रंजना सोपान खैरमोडे. लिहून घे, आणि तेवढंच लिही!”

त्यांनी फोन कापला. हात थरथरत होते, आणि ते रागानं, हे ओळखायला कुठला राउटर लागत नव्हता.

घरी येऊन त्यांनी मांडणीवरचा सगळ्यात मोठा डबा काढला. ज्वारीच्या पिठाचा, घट्ट झाकणाचा. पीठ परातीत ओतलं, डबा पुसला आणि ड्रिल मशीन काढलं. हवेसाठी बारीक भोकांची रांग पाडली; एवढ्या बारीक भोकातून वारा जातो, लहर जात नाही. तळाशी एक मोठं भोक, वायरींपुरतं. राउटर भिंतीवरून उतरवून डब्यात ठेवला आणि झाकण दाबून बसवलं. मग निवृत्तीच्या वेळी जपून ठेवलेलं केबलचं भेंडोळं माळ्यावरून काढलं आणि चौकटींवरून, कोपऱ्याकोपऱ्यानं, खिळे मारत रंजनाच्या खुर्चीपर्यंत ओढत नेलं. जितका सुबक खांब त्यांनी उभ्या नोकरीत बांधला नसेल, तितकी ती केबल त्यांनी सुबक बसवली.

रंजना दारात उभी राहून बघत होती. “माझा पिठाचा डबा?”

“दुसरा आणू. ह्यात एक चहाडखोर कोंडलाय.”

“म्हणजे?”

त्यांनी खिळा तोंडातून काढला. खोटं बोलायचं नाही, एवढं ठरलं होतं. “तो नुसतं नेट देत नव्हता, रंजना. आपल्याला बघत होता. तुझ्या हाताकडं बघत होता आणि ते चमचेवाल्याला कळवत होता.”

ती हळूच पलंगाच्या कडेवर बसली.

“काय काय सांगितलं त्यानं तुम्हाला?”

“हात थरथरतो, एवढं. पुढचं मी वाचलं नाही. एकीनं फोनवर वाचायला घेतलं, तिला गप्प केलं.”

“का नाही वाचलं?”

“ते तुझं आहे.”

रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रडण्याचं नव्हतं. ती संतापानं लाल झाली होती. “तीन महिने झाले मी शब्द जुळवतेय! कसं सांगू, कधी सांगू. म्हटलं, पोरांची परीक्षा होऊ दे, मग ह्यांना घेऊन बागेत बसेन आणि सांगेन. माझं बोलणं होतं ते! मेल्यानं ते चमचेवाल्याला विकलं! आणि तुम्ही काल मला म्हणता, दोष तुझ्या अंगात आहे.”

“चुकलो.”

“फार चुकलात.”

“फार चुकलो,” ते म्हणाले आणि खाली मान घालून उभे राहिले.

तीन वाजले होते. रंजनानं डोळे पुसले, केबल लॅपटॉपला लावली आणि हेडफोन चढवला. पंचायत राज, मग जिल्हा परिषद, मग नगरपालिका. दोन तासांत एक शब्द तुटला नाही. डावा हात तिनं आज पदराखाली घेतला नाही; पुस्तकावरच ठेवला, आणि पानाची कडा हलत राहिली.

“काकू, आज किती स्पष्ट येतंय!” सारिका म्हणाली. “कुणी दुरुस्त केलं?”

“आमच्या लाइनमननं,” रंजना म्हणाली.

पाच वाजता तिनं हेडफोन काढला. सोपानराव दोन कप चहा घेऊन आले, दोन्ही काठोकाठ भरलेले, आणि ते टेबलावर ठेवून तिच्या समोर स्टूल ओढून बसले. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सुगमनेटचा निरोप होता: ‘तुमच्या घरात सध्या कोणीही आढळत नाही. सर्व काही ठीक आहे ना?’

रंजनानं तो वाचला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

सोपानरावांनी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. तीस वर्षांच्या सवयीचं जे होतं तेच तोंडात आलं.

“लाइन साफ आहे,” ते म्हणाले. “बोला.”

रंजनानं डावा हात उचलून त्यांच्या हातात ठेवला. तो थरथरतच होता. त्यांनी तो दाबून थांबवला नाही, नुसता धरून ठेवला.

“डिसेंबरात,” ती म्हणाली, “एका सकाळी मी तुमचा चहा गाळत होते…”